तेलाच्या क्लचची हकीकत

चांदूर बाजार,
ता. १४ मार्च १९६५

आदरणीय मोतीराम भाऊजी यांस, देवमनचा सविनय जयभीम.

तुमचं कार्ड पोचून आज तेवीस दिवस झाले. इंदूताईची कंबर आता बरी आहे, तिकडे अकोल्याला कापसाच्या प्रेसमध्ये नवा मॅनेजर आला आणि तो तुम्हा फिटर लोकांना शिट्टी वाजवून बोलावतो, म्हशीनं दूध कमी केलं, हे सगळं समजलं. मॅनेजरबद्दल वाईट वाटलं. म्हशीबद्दलही वाटलं. इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, इकडे सर्व ठीक आहे. आता काय काय ठीक नाही ते सांगतो.

कार्डाच्या शेवटी, पत्त्याच्या कडेला जी बोटभर जागा उरली तिथे तुम्ही विचारलंय, "मोटारसायकल काय म्हणते?" भाऊजी, एवढ्या लहान जागेत एवढा मोठा प्रश्न आजवर मला कोणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर कार्डावर मावेना म्हणून तीन आठवडे गप्प होतो. आज सुटी आहे, ललिता शाळेच्या वह्या तपासत बसली आहे (तिला चौथीचा वर्ग दिला आहे, आणि चौथीच्या चाळीस पोरांनी मिळून एकच निबंध लिहिला आहे), तेव्हा सविस्तर लिहितो.

गाडी तुम्ही पाहिलेली आहे. पंचेचाळीस साली मोठी लढाई संपल्यावर लष्करानं भंगारात काढलेली, काळ्या रंगाखालून अजून खाकी रंग डोकावणारी. ब्लॉकात शेतीचा विस्तार अधिकारी म्हणून लागल्यावर मी ती घेतली, कारण बेचाळीस गावं सायकलवर होत नाहीत. नव्या संकरित ज्वारीचं बियाणं घेऊन मी गावात गेलो की शेतकरी बियाण्याकडे कमी आणि गाडीकडे जास्त पाहतात. रिद्धपूरच्या बाजूला एका पाटलानं माझं अर्ध्या तासाचं भाषण ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "हे सगळं जमते सायेब, पण हे पेट्रोल किती खाते?" तरी गाडीमुळे लोक जमत, लोक जमले की थोडं ऐकत, आणि त्यातले दोन-चार पेरत. माझी नोकरी त्या दोन-चारांवर चालली आहे.

बिघाडाला सुरुवात पोळ्यानंतर झाली. डाव्या हाताची मूठ दाबली की इंजिन आणि चाक एकमेकांपासून सुटतात, हळूच सोडली की पुन्हा जुळतात; त्या सुटण्या-जुळण्यालाच क्लच म्हणतात, हे तुमच्यासारख्या फिटरला सांगायला नको, पण पुढची सगळी रडकथा त्या मुठीवर आहे म्हणून आधीच सांगून ठेवतो. तर ती मूठ जड लागायला लागली. आधी संध्याकाळी जड लागे, मग दुपारी, मग सकाळीच. दाबून धरलेली मूठ मध्येच सुटायची आणि गाडी बैलानं शिंग मारल्यासारखी पुढे उसळायची.

याची पहिली जाहीर वाच्यता बाजाराच्या दिवशी झाली. आमचे ब्लॉकचे मोठे साहेब केशवराव यांची सरकारी जीप बंद होती आणि त्यांना रिद्धपूरला सभेला जायचं होतं, म्हणून ते माझ्यामागे बसले. (ते बसताना आधी सीटवर रुमाल पसरतात आणि मग रुमाल वाचवण्यासाठी अर्धे अधांतरी बसतात.) बाजारात समोर एक बैलगाडी आडवी आली. मी मूठ दाबली, थांबलो, गाडीवानाला "हो बाजूला" म्हणालो, आणि मूठ सुटली. मोटारसायकल पुढे गेली, मी तिच्याबरोबर गेलो, केशवराव होते तिथेच राहिले, फक्त आता ते जमिनीवर बसलेले होते. मी समोरच्या तरटाखाली शिरून वाळल्या मिरच्यांच्या ढिगात थांबलो. त्यानंतर अर्धा तास बाजारातला प्रत्येक माणूस, प्रत्येक बैल आणि एक पोलीस शिंकत होता. केशवराव रुमालाशिवाय शिंकत होते, कारण रुमाल गाडीबरोबर मिरच्यांत आला होता. ते उठले, धोतर झटकलं आणि शिंकांच्या मधल्या मोकळ्या वेळात म्हणाले, "खंडारे, तुमचा क्लच दाखवून घ्या." साहेबांनीच निदान केल्यावर रोग ठरला. क्लचचा दोष, हे बाजारानं मानलं, ऑफिसनं मानलं, आणि सगळ्यांच्या आधी मी मानलं.

अमरावतीला बडनेऱ्याच्या रस्त्यावर लिंबाच्या झाडाखाली पुंजाजी मिस्त्रीचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार खांब, वर टिनं आणि खाली पुंजाजी. लढाईच्या काळात तो आसामात लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करत होता. बोलणं कमी, ऐकणं त्याहून कमी (एका कानाजवळ कधीतरी टायर फुटला होता), आणि हात असे की आंधळ्या माणसानं बियाणं निवडावं तसे ते नट निवडतात. त्यानं आधी क्लचची तार काढून तेलात भिजवली. चार दिवस बरं वाटलं. मग तार बदलली. आठवडा बरा गेला. मग आतल्या स्प्रिंगा ढिल्या केल्या, तर मूठ हलकी झाली पण चढावर इंजिन ओरडे आणि चाक फिरेना. साहेबाचा आरडाओरडा आणि कामाचा पत्ता नाही, असा तो सरकारी प्रकार झाला. मग स्प्रिंगा पुन्हा कसल्या, प्लेटा बदलल्या, दांडी सरळ केली, तिला वंगण दिलं. दर वेळी पुंजाजी स्वतः चक्कर मारून येई आणि म्हणे, "लोण्यावानी चालते." मी बसलो की तिसऱ्या दिवशी लोण्याचा दगड होई. मी दर आठवड्याला जाऊ लागलो. तो मला दुरून पाहिलं की पाना खाली ठेवून कपाळावर हात ठेवी.

याच दिवसांत डाव्या हातातून दोन कप पडले. ललितानं दोन्ही वेळा कपाला दोष दिला, मीही दिला. चहा पिताना माझी करंगळी बाकीच्या बोटांपासून बाजूला राहायला लागली होती, तर ती म्हणाली, "अधिकारी झाल्यापासून चहाबी इंग्रजावानी पेता तुमी." मी हसलो. मला ते जरा आवडलंही. भाऊजी, माणूस किती मूर्ख असू शकतो याला मर्यादा असावी असं मला वाटत होतं, ती करंगळी आठवली की वाटत नाही.

डिसेंबराच्या अखेरीस पुंजाजीनं सांगितलं की आता तार हाच प्रकार नको. तार घासते, ताणते, वळणावर अडते. जीपच्या ब्रेकात जसं तेल असतं तसं तेल आपण मोटारसायकलच्या क्लचात घालू. वर मुठीजवळ अंगठ्याएवढा सिलिंडर, खाली क्लचजवळ त्याहून मोठा, मधून तांब्याची नळी. वर थोडं दाबलं तरी खाली जोर जास्त. "लेकराच्या हातानं दबन," तो म्हणाला. असं कोणत्याही मोटारसायकलला असल्याचं मी ऐकलं नव्हतं, त्यानंही ऐकलं नव्हतं. पण त्याच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी कृषी प्रदर्शनात बक्षिसाचं वांगं घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिलेलं आहे, त्यामुळे नाही म्हणता आलं नाही. पंधरा दिवस तो भंगारात हिंडला, लेथवर बसला, रबराचे वायसर स्वतः कातरले, नळी टाकीच्या कडेनं वाकवून नेली आणि मला निरोप धाडला, या.

आता तेलाच्या क्लचचं मुख्य दुखणं तुम्हाला ठाऊक असेल. नळीत तेल भरलं की तेलाबरोबर हवा जाते. तेल दबत नाही, हवा दबते. हवा आत राहिली तर तुम्ही मूठ कितीही दाबा, ती हवेलाच दाबत राहते आणि खाली काहीच पोचत नाही. (आमच्या खात्याच्या योजना मुंबईहून गावापर्यंत येताना त्यांच्यात नेमकं काय शिरतं ते मला त्या दिवशी उमगलं.) ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं वर मूठ दाबून धरायची. दुसऱ्यानं खालच्या सिलिंडरचा निप्पल पान्यानं थोडा ढिला करायचा, त्याला लावलेल्या रबरी नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. निप्पल कसायचा, मगच वरच्यानं मूठ सोडायची. निप्पल उघडा असताना मूठ सुटली तर आलेली हवा उलटी आत ओढली जाते. पुन्हा दाबायचं, पुन्हा धरायचं, वरच्या सिलिंडरच्या वाटीतलं तेल संपू द्यायचं नाही, आणि बुडबुडे बंद होईपर्यंत हाच मंत्र.

मी वर, पुंजाजी खाली. सकाळी नवाला सुरू केलं.

"दाबा."

"दाबलं."

"धरा."

"धरलं."

बुडबुडे आले. पुन्हा दाबा, पुन्हा धरा, पुन्हा बुडबुडे. दहा वाजले, अकरा वाजले. एवढी हवा त्या हातभर नळीत मावणंच शक्य नव्हतं. जणू सातपुड्यावरून वारा येऊन तिच्यात उतरत होता. पुंजाजीनं जोड तपासले, कुठे गळती नाही. नळीला वरच्या वळणात हवा अडली असेल म्हणून पेचकसाच्या मुठीनं नळी टकटक ठोकली. वायसर उलटा बसला असेल म्हणून सिलिंडर खोलला, वायसर सुलटा होता. दुसऱ्या डब्यातलं तेल आणलं. पुन्हा दाबा, पुन्हा धरा.

"धरून ठेवा म्हन्तो ना सायेब, सोडू नोका."

"धरूनच ठेवलंय."

"मंग तेल मांगं काहून जाऊन राह्यलं?"

मला राग आला. मी राजपत्रित नसलो तरी अधिकारी आहे, मूठ धरून ठेवण्याइतकी अक्कल मला आहे. मी म्हणालो, तुझ्या नळीत दोष आहे. तो खालून उठला, माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमी खाली बसा. मी दाबतो."

इंजिन तापवून पाहावं म्हणून मध्ये त्यानं गाडी चालू केली होती, ती पाऊण तासापासून धडधडतच होती. मी उकिडवा बसलो, उजव्या हातात पाना घेतला. तो दाबी, मी ढिलं करी, तो "कसा" म्हणे, मी कसे. पाच-सहा वेळांत बुडबुडे बारीक झाले, मग टाचणीच्या टोकाएवढे, मग बंद. निव्वळ तेल. सकाळपासून जे झालं नाही ते पाव तासात झालं. मला इतका आनंद झाला की मी त्याला खालूनच शाबासकी देणार होतो. तेवढ्यात वास आला. चामडं जळतं तसा. मी म्हणालो, "पुंजाजी, काहीतरी जळतंय, तुझा वायसर असेल."

तो म्हणाला, "सायेब, हात."

बाटलीतलं तेल वाकून पाहताना आधार म्हणून मी डावा हात टेकला होता, तो सायलेन्सरवर होता. करंगळीपासून मनगटापर्यंतची कड. मी तो उचलला तेव्हा थोडी कातडी तिथेच राहिली. भाऊजी, मला काहीही झालं नाही. दुखलं नाही, चटका नाही, काही नाही. दुसऱ्या कोणाचा तरी हात माझ्या बाहीतून बाहेर आला आहे, असं मी त्याच्याकडे पाहत होतो.

पुंजाजीनं माठातलं पाणी ओतलं, धुतलेलं फडकं बांधलं, आणि गाठ मारता मारता बोलला. एरवी तो आठवड्यात जेवढं बोलतो तेवढं त्या वेळी बोलला. "क्लच पयल्या दिवसापासून ठीक होता सायेब. मले वाटे, मीच चुकून राह्यलो. आज तुमी मूठ धरली होती ना, ते दोन बोटं आपोआप उघडत होते. तुमाले मालूम नोतं. माह्या मोठ्या भावाचं असंच झालं. चिलमीचा चटका त्याले कळे ना. आमी म्हटलं, मर्द हाये." मग म्हणाला, "तो वेळेवर दवाखान्यात नाई गेला. तुमी जा."

रोगाचं नाव त्यानं घेतलं नाही. मीही विचारलं नाही. मी गाडी घेऊन निघालो आणि रस्ताभर स्वतःला समजावत आलो की पुंजाजी मिस्त्री आहे, वैद्य नाही.

त्यानंतर पाच आठवडे मी काय केलं तर काही केलं नाही. घरी सांगितलं, सायलेन्सर लागला. ते खरंच होतं, त्यामुळे खोटं बोलल्याचं पापही लागलं नाही आणि खरं बोलल्याचं समाधानही मिळालं नाही. रोज आंघोळीच्या वेळी दार लावून डाव्या करंगळीला टाचणी टोचून पाहायचो. एखादे दिवशी टोचल्यासारखं वाटायचं, मग दिवस आनंदात जायचा. नंतर ध्यानात आलं, डोळे उघडे असले की टोचल्यासारखं वाटतं, मिटले की वाटत नाही. तेव्हापासून मी डोळे उघडे ठेवून टोचू लागलो. हे कृषी पदवीधराचं शास्त्र.

ललितानं सहाव्या आठवड्यात फडकं सोडताना विचारलं, "लागलं तवा वरडले काहून नाई?" मी म्हणालो, मिस्त्रीसमोर काय ओरडायचं. ती म्हणाली, "दाढी करताना एवढंसं लागलं तं मोहल्ला जमा करता." मग तिनं माझी बाही वर सरकवली आणि कोपराच्या मागचा डाग मला आरशात दाखवला. रुपयाएवढा, फिकट, मधे केस नसलेला. तो तिनं वर्षभर पाहिला होता आणि कातडीवरचं साधं शिबं समजून सोडून दिला होता. मला माझ्या कोपराची मागची बाजू असते हेच ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतून रजा घेतली आणि माझ्या आधी एस. टी. त जाऊन बसली.

अमरावतीच्या इस्पितळात जे डॉक्टर आहेत ते माझ्याहून लहान असावेत. त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि कोंबडीच्या पिसानं हाताला कुठेकुठे शिवलं. शिवलं की बोट दाखवा, म्हणाले. मी उत्साहानं बोट दाखवत राहिलो. नंतर ललितानं सांगितलं की शेवटच्या सहा वेळा त्यांनी शिवलं आणि मी दाखवलंच नाही, मी आपला पुढच्या शिवण्याची वाट पाहत हसत बसलो होतो. मग त्यांनी कोपराच्या आतली नस चाचपली आणि ललिताचा हात धरून तिलाही चाचपू दिली. दोरीसारखी जाड झालेली. मी म्हणालो, डॉक्टर, म्हणजे तार इथली खराब होती, आणि मी चार महिने गाडीची बदलत होतो. ते हसले नाहीत. त्यांनी रोगाचं नाव घेतलं. आपल्याकडे रक्तपिती म्हणतात तीच, महारोग. त्यांनी ते 'हिवताप' म्हणावं तसं सरळ म्हटलं. गोळ्या आहेत, रोज घ्यायच्या, काही वर्षं घ्यायच्या, रोग थांबतो, माझ्या प्रकारचा सहसा पसरत नाही, नोकरी करायला हरकत नाही, पण त्या दोन बोटांना जे कळत नाही ते पुन्हा कळेल असं नाही, तेव्हा विस्तव आणि धार यांच्यापासून डोळ्यांनी जपा. ललितानं एकच विचारलं, गोळी जेवणाआधी की नंतर.

ऑफिसात फक्त केशवरावांना सांगितलं, कारण रजेचा कागद त्यांच्याकडून जातो. ते फार चांगले वागले. म्हणाले, कागदावर 'नसांचा विकार' लिहा, बाकी माझ्याजवळ राहील. आणि ते त्यांच्याजवळच राहिलं. फक्त दुसऱ्या दिवसापासून माझा चहा काचेच्या वेगळ्या पेल्यात येतो, ओळख म्हणून त्याच्या बुडाला लाल ठिपका आहे. जातीमुळे नाही, बरं का. त्या बाबतीत केशवराव सुधारक आहेत, आमच्या घरी दोनदा जेवले आहेत. पण भाऊजी, तो पेला मी पाहताक्षणी ओळखला. आमच्या गावच्या शाळेत माझ्यासाठी असाच एक होता, तो खिडकीबाहेर ठेवत. छप्पन साली दसऱ्याला तुम्ही, मी आणि ताई नागपूरच्या मैदानात एका चादरीवर बसलो होतो आणि परत येताना मी आगगाडीत म्हणालो होतो की आता तो पेला फुटला. आता त्यात चहा पितो. चहा चांगला असतो, दूध जास्त घालतात. प्यालो की मी तो स्वतः धुतो, आणि धुताना उजव्या हातानं धरतो, नाहीतर पडायचा.

गाडीचं विचारलं होतं, ते राहिलंच. पुंजाजीला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तार असती तर उपाय नव्हता, तेल आहे तर नळी कुठेबी नेता येते. आणि त्यानं क्लचची मूठ माझ्या डाव्या हाताजवळून काढून मागच्या सीटजवळच्या दांडीवर बसवली. म्हणजे मी चालवायची आणि मागे बसलेल्या ललितानं क्लच दाबायचा. त्यासाठी नळी लांब केली, पुन्हा हवा काढली, या खेपेला ललिता वर आणि पुंजाजी खाली, दहा मिनिटांत काम संपलं आणि पुंजाजीनं माझ्याकडे न पाहता तिला म्हटलं, "बाई, तुमचा हात चांगला हाये." मागच्या रविवारी आम्ही अमरावतीहून चांदूर बाजारला तसे आलो. मी "दाब" म्हणायचं, तिनं दाबायचं, मी "सोड" म्हणायचं, तिनं सोडायचं. तिला बैल दिसला की ती न सांगता दाबी, माणूस दिसला की दाबी, लांबवर धूळ दिसली तरी दाबी. त्यामुळे निम्मा रस्ता इंजिन आपल्यापरी ओरडत होतं आणि गाडी उतारानं आपल्यापरी चालली होती. दोन एस. ट्या, एक छकडा आणि एक सायकल आम्हाला मागे टाकून गेली. छकड्यावरच्या म्हातारीनं विचारलं, "कोणाचं भांडण होऊन राह्यलं व्हो?" कारण दुरून फक्त दाब-सोड, दाब-सोड ऐकू येत होतं. घरी उतरल्यावर ललिता म्हणाली, रोज काही मी येऊ शकणार नाही, माझी शाळा आहे. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, रविवारचं येईन.

तेव्हा पुढच्या रविवारपासून दर रविवारी चार गावं होतील, बाकीच्या दिवशी सायकल आणि एस. टी. संकरित ज्वारी मागे पडली आहे. वरिष्ठांनी कारण विचारलं आहे, मी 'वाहन नादुरुस्त' असं उत्तर दिलं आहे. मोटारसायकल काय म्हणते, या तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर एवढंच.

शालूला यंदा दुसरीत घालू. तिचा तुम्हा दोघांना नमस्कार, ललिताचाही. म्हशीला सरकी द्या, ढेप कमी करा. प्रकृतीस जपावं.

आपला मेहुणा,
देवमन खंडारे

ता. क. हे पत्र ताईला वाचून दाखवू नका. तिला सांगा, देवमननं नेहमीसारखं लांबच लांब लिहिलंय, गाडीबद्दल आहे. तिला यंत्राचं ऐकायचा कंटाळा आहे, ती मागणार नाही.

ता. क. दुसरा. वर एवढी पानं भरली, पण ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहिलंच नाही. तीन आठवडे गप्प राहिलो तेही गाडीमुळे नाही. डॉक्टरांनी ललिताला आणि शालूला तपासलं. पीस लागलं की शालू खिदळत होती, डॉक्टर म्हणाले हिची तपासणी लांबूनही होईल. दोघी साफ आहेत. मग त्यांनी विचारलं, लहानपणी बरोबर कोण राहायचं? हा रोग अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, तेव्हा एका घरात, एका पांघरुणात जे वाढले त्यांनाही तपासा. आई गेल्यापासून मी अकरा वर्षं ताईजवळ झोपलो.

आणि भाऊजी, जानेवारीत आपण तुमच्या शेतात हुरड्याला बसलो होतो. ताई आगटीतून कणसं हातानं काढत होती. तुम्ही चिमटा पुढे केला, तिनं घेतला नाही. मी सगळ्यांसमोर म्हणालो, ताईचे हात लोखंडाचे आहेत, आणि ती खूश झाली. त्या हाताला नंतर फोड आला होता का ते तुम्हाला आठवतं का?

तिला कारण सांगू नका. पोरखेळ म्हणून डोळे मिटायला सांगा आणि कोंबडीच्या पिसानं करंगळ्यांना, तळहाताच्या कडेला आणि कोपराच्या मागे हळूच शिवा. दोन्ही हातांना. तिनं प्रत्येक वेळी बरोबर जागा सांगितली तर कार्डावर 'कळलं' एवढंच लिहा, मी समजेन. नाही सांगितली तर कार्ड टाकू नका, तिला घेऊन सकाळच्या एस. टी. नं निघा. मी परवापासून रोज दुपारी अमरावतीच्या स्टँडवर अकोल्याच्या गाडीला उभा राहणार आहे, आणि तुम्ही दोघं त्यातून उतरला नाहीत तर घरी येऊन पोस्टमनला विचारणार आहे.